आठ टॉवेल

एकांत द्यायचा असतो शनिवारी दुपारी चारला,
म्हणून सकाळी सातपासून आम्ही तो तयार करतो.
अदेरितु जाळीनं पूलमधली पानं काढतो, गांधीलमाश्या,
कधी एखादा फुगलेला बेडूक,
आणि फरशीवरची आपलीच ओली पावलं
उन्हानं पुसेपर्यंत थांबून राहतो.
मी चादरींचे कोपरे ताणते.
मागच्या आठवड्यातल्या कुणाचा तरी लांब केस
उशीवरून उचलून खिशात घालते.

जाहिरात म्हणते, चार किलोमीटरांत चिटपाखरू नाही.
चार किलोमीटरांत आम्ही सतरा जण राहतो.
म्हातारा झासिंतु नवाच्या आत ट्रॅक्टर काढत नाही,
त्याचे त्याला मिळतात महिन्याला चाळीस युरो.
कोंबड्याचे वेगळे पंचवीस :
जून ते सप्टेंबर तो धरणापलीकडे, भावजयीच्या घरी.
बसचा ड्रायव्हर थट्टेनं त्याचं अर्धं तिकीट मागतो.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
आमचं तर गावालाच गेलं.
उजाडतं. फक्त कुणी ते सांगत नाही.

त्या शनिवारी यायचे होते आठ जण.
आठ पांढरे टॉवेल, आठ निळे पूलचे,
आठ खुर्च्या बुचाच्या झाडांकडे तोंड करून.
आला एकटा. वीबे नावाचा, लांब हाडांचा,
हॉलंडहून गाडी चालवत.
डिकीत एक बॅग आणि
फुगवायचा फ्लेमिंगो, दुकानातल्या घडीत तसाच.
बाकीचे? मी विचारलं.
नंतर, तो म्हणाला,
किंवा आमच्या भाषेतला त्याला
तेवढाच शब्द येत असावा.

रविवारी एक टॉवेल ओला. सोमवारी तोच.
मंगळवारी उरलेले सातही निळे
खुर्च्यांवर पसरलेले. मी हात लावून पाहिला.
कोरडे.
पाहुण्यांना काही विचारू नये असं करारात आहे,
आणि नसतं तरी.

बुधवारी फाटकापाशी त्यानंच विचारलं,
झाडाच्या उघड्या तांबड्या खोडावर बोट ठेवून,
हा पांढरा सात कसला?
म्हटलं, साल सोलल्याचं साल.
सतरा साली सोललं, की नऊ वर्षं हात लावायचा नाही.
त्याचा फोन हे त्याच्या भाषेत बराच वेळ सांगत होता,
माझ्या वाक्याहून कितीतरी जास्त वेळ.
तो बोट काढायला विसरला.

गुरुवारी रात्री कुत्री भुंकली.
दारात वीबे, पायात पूलच्या चपला,
पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे.
फोन पुढे धरला, आणि कुठलीशी तरुण बाई
त्यातून अगदी नीट उच्चारात म्हणाली :
कृपया मला थोडा आवाज मिळेल का?

मी त्याला सूप दिलं. चमचा वाजवत प्यायला.
भांडी मी मुद्दामच जरा आपटून घासली.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या बसनं कोंबडा आला,
टोपलीत, वर झासिंतुच्या बायकोचा जुना स्कार्फ.
पंचवीस युरोंचं काय, अदेरितुनं विचारलं.
झासिंतु म्हणाला, मला कमी ऐकू येतं.

पहाटे पावणेपाचला तो आरवला.
घसा बसलेला, सूर चुकलेला, महिनाभराचं सगळं साठलेलं,
थांबेच ना. पलीकडच्या टेकडीवरून
कुणाचं तरी गाढव त्याला उत्तर देऊ लागलं.

दहाला घर रिकामं व्हायचं.
साडेदहाला मी गेले.
पूलमध्ये फ्लेमिंगो, पुरता फुगवलेला,
वारा नसताना हळूहळू फिरत होता.
आणि शेवटच्या खुर्चीवर वीबे,
अंगावर सातही टॉवेल ओढून, तोंड उघडं,
घोरत होता असा
की अदेरितु जाळी घेऊन फाटकातच थांबला.

चारला दुसरे येणार. सहा जण, स्वीडनचे.
साडेबाराच्या बसला झासिंतु टोपली घेऊन
वळणावर उभा राहिला,
बस आली, हळू झाली,
त्यानं हात काही वर केला नाही.